अकरा जणांचं चार खोल्यांचं घर

दोन टेकड्यांच्या मधून समुद्र आत शिरला आणि तिथेच दमून बसला, असा तो किनारा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला चार मिनिटं लागत. बरोबर कुत्रा असेल तर सात. बाहेर खुल्या समुद्रावर लाटा एकमेकींच्या उरावर बसत असल्या, तरी इथे आत पाणी शाळा-तपासणीच्या दिवशी बसावं तसं हाताची घडी घालून बसलेलं असे. साडेतीनशे वर्षांपूर्वी वाऱ्याने भरकटलेली एक होडी याच बेचक्यात घुसली. तिच्यातून अकरा माणसं उतरली, त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा पाहिला आणि परत जायचा विचार सोडून दिला. टेकडीपलीकडचं सगळं शहर त्या अकरांपासून सुरू झालं. शहराची वस्ती आता चाळीस हजार आहे, आणि त्यातले निदान पस्तीस हजार लोक आपलं घराणं थेट त्या होडीतून उतरलं असं सांगतात. होडी बरीच ऐसपैस असावी.

त्या अकरांनी बांधलेलं पहिलं घर, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते, भरतीच्या रेषेच्या जरासं वर होतं. गुडघ्याएवढ्या उंचीच्या दगडी भिंती. माती नाही, चुना नाही, नुसते एकावर एक ठेवलेले दगड. बघायला येणारे लोक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत, फोटो काढून घेत आणि पोहायला जात.

या भिंतींवर नगरपालिकेने एक राखणदार नेमला होता. राखणदार आधी दिवाबत्ती खात्यात होते. तिथे ते शिडी धरत. शिडीवर चढणारा माणूस वेगळा होता. दहा वर्षं शिडी धरल्यावर खात्याने शिडीची गाडी घेतली आणि राखणदारांचे हात मोकळे झाले. तेव्हा त्यांना बत्तिसाव्या वर्षी किनाऱ्यावर पाठवलं. फाटकाजवळची दोन खोल्यांची जागा राहायला मिळाली, आणि पाच सूचना लिहिलेला एक कागद मिळाला. पहिल्या तीन झाडलोट, फाटक आणि कुत्री यांच्याबद्दल होत्या. पाचवी रजेबद्दल होती. चौथी होती : ‘अवशेष जसेच्या तसे राखावेत.’

अवशेष कसे आहेत हे मात्र कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसरा एखादा असता तर त्याने कागद खिशात घालून चहा टाकला असता. राखणदारांनी काम मनावर घेतलं. पहिल्याच सकाळी ते भिंतींसमोर उभे राहिले, मग डावीकडून, मग उजवीकडून, मग टेकडीवर चढून वरून, असे दोन तास त्यांनी ते घर डोळ्यांत साठवलं. त्या दिवसापासून अवशेष कसे होते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर गाढ विश्वास होता.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. वर्षातून दोनदा मोठं उधाण येई. तेव्हा पाणी थेट भिंतींपर्यंत चढून दगड ढकलून जाई. बाकीचे दिवस ते काम सहलीला आलेली माणसं करत. चटई उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड. मुलांच्या वाळूच्या किल्ल्याला बुरूज म्हणून दोन. गाडीचं चाक घसरू नये म्हणून उटी लावायला एक. संध्याकाळी किनारा रिकामा झाला की राखणदार घमेलं घेऊन निघत आणि सांडलेले दगड गोळा करून जागच्या जागी बसवत. काही दिवसांत ते दगडांना चेहऱ्याने ओळखू लागले. एक ‘कासव’ होता, एक ‘उशी’ होती, पोट पुढे आलेला एक ‘साहेब’ होता. साहेब दर उधाणाला सगळ्यात आधी जागा सोडे, आणि राखणदारांना त्यात काही नवल वाटत नसे.

आता किनाऱ्यावर पडलेला दगड घरातला की टेकडीवरून गडगडत आलेला, हे कसं ठरवायचं? राखणदारांनी एक साधा नियम केला. भिंतीपासून वीस पावलांच्या आत पडलेला प्रत्येक दगड हा भिंतीतून निसटलेला दगड आहे. नियम चांगला होता. राबवायला सोपा होता. त्यात एवढंच झालं की टेकडी दर वर्षी थोडे दगड सोडत राहिली आणि घर ते सामावून घेत राहिलं.

नवव्या वर्षी काकूंनी तोंड उघडलं. काकू म्हणजे राखणदारांची बायको. त्यांना सगळा किनारा काकू म्हणत असे आणि सगळा किनारा त्यांना थोडा घाबरून असे. त्या रोज साडेबाराला डबा घेऊन येत आणि दोघं भिंतीच्या सावलीत बसून जेवत. गुडघ्याएवढ्या भिंतीची सावली ती केवढी! पण बसत.

‘‘अहो,’’ त्या दिवशी काकू म्हणाल्या, ‘‘चूल कुठे होती म्हणता यांची?’’

‘‘त्या कोपऱ्यात. दारासमोर.’’

‘‘दार समुद्राकडे, आणि त्याच्यासमोर चूल?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे वारा थेट चुलीत. धूर थेट डोळ्यांत. असं घर कुठली बाई बांधू देईल?’’

‘‘अगं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचे लोक ते. त्यांना काय कळतंय?’’

‘‘साडेतीनशे वर्षांपूर्वी काय बायकांना डोळे नव्हते?’’

राखणदारांनी त्यावर घास तोंडात घातला. सूचना क्रमांक चार त्यांच्या बाजूला होती. पण पुढच्या उधाणाने नेमका तोच कोपरा उधळून लावला, आणि तो परत रचताना त्यांना आठवेना की दार समुद्राकडे होतं की टेकडीकडे. बराच वेळ विचार केल्यावर त्यांना टेकडीकडे होतं असं आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं. त्यांनी ते टेकडीकडे केलं, आणि इतकी वर्षं आपल्याकडून ते चुकीच्या बाजूला राहिलं याचं त्यांना वाईट वाटलं.

पुढे असंच होत गेलं. काकू म्हणत, ‘‘अकरा माणसं. झोपतात तिथेच भांडी घासतात का ही?’’ आणि दोन-तीन उधाणांनी राखणदारांना आठवे की हो, मधे एक आडवी भिंत होती खरी. काकू म्हणत, ‘‘धान्य कुठे ठेवत असतील, डोक्यावर?’’ आणि एका वर्षात मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली ‘सापडे’. राखणदार काही खोटं करत नव्हते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की आपण फक्त पडलेले दगड परत ठेवतो. घर दोन खोल्यांचं होतं त्याचं चार खोल्यांचं झालं, मागचं दार आलं, दारापाशी पाय धुवायला एक फरशी आली. हे इतकं हळूहळू झालं की घरालाही कळलं नसेल. लोक तर त्याच्याकडे पाठच करून उभे राहत.

अशी सव्वीस वर्षं गेली. निवृत्तीला चौदा महिने राहिले, आणि एका सोमवारी किनाऱ्यावर संशोधिका आली.

ती तिशीची होती, उन्हाने भाजलेली होती, आणि तिच्याकडे एवढं सामान होतं की राखणदारांना आधी वाटलं, ही इथेच राहायला आलीय. दोऱ्या, खुंट्या, मोजपट्ट्या, तीन पायांचा कॅमेरा, आणि भिंतीजवळ बसायला एक बुटकी घडीची खुर्ची. दगडावर ती एकदाही बसली नाही. राखणदारांचं मत पहिल्या दिवशीच तिच्या बाजूने झालं.

‘‘काका, तुम्ही किती वर्षं आहात इथे?’’

‘‘सव्वीस.’’

‘‘म्हणजे तुम्ही नसता तर यातलं काहीच उरलं नसतं.’’

‘‘जसंच्या तसं राखलंय,’’ राखणदार म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकून घ्यायला कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी ते त्या दिवशी तीनदा म्हटलं.

आठव्या दिवशी संशोधिका उड्या मारत चहाला आली. उड्या म्हणजे खऱ्याच उड्या. दाराचा उंबरा तिने ओलांडला नाही, तो तिने उडी मारून पार केला.

‘‘काकू, स्वयंपाकघर आहे! वेगळं स्वयंपाकघर! आणि दार वाऱ्याच्या उलट बाजूला! आजपर्यंत सगळ्यांनी लिहिलंय की हे लोक नुसते कसेबसे तगले, धड घर बांधायची अक्कल नव्हती त्यांना. आणि इथे बघा! कोणीतरी विचार केलाय. धुराचा विचार केलाय, धान्याच्या उंदरांचा विचार केलाय. मी पुढच्या शनिवारी नगरभवनात भाषण करणार आहे यावर. मग फाटकापाशी धातूचा फलक बसवतील. कायमचा.’’

‘‘मी म्हणतच होते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘यांना म्हणत होते. ऐकतात कुठे?’’

राखणदार खूश झाले. चांगल्या बातमीने माणूस खूश होतो तसेच; त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही. संशोधिका निघताना म्हणाली, ‘‘फक्त नगरपालिकेच्या दप्तरखान्यात एक जुना नकाशा असल्याचं वाचलंय. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेला. तो मिळाला की झालं. मी अर्ज दिलाय.’’

दप्तरखान्यात काकूंचा सख्खा धाकटा भाऊ बसत असे. त्याचं काम कागद शोधून देणं हे होतं, आणि त्या कामापासून त्याने स्वतःला तीस वर्षं अलिप्त ठेवलं होतं. एकदा एका माणसाला त्याच्या घराचा दाखला हवा होता. तो मिळेपर्यंत त्या माणसाने दुसरं घर बांधलं होतं. त्यामुळे रविवारी दुपारी मेव्हणा काखेत गुंडाळी घेऊन किनाऱ्यावर हजर झाला, तेव्हा काकूंनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

‘‘बरा आहेस ना रे?’’

‘‘ताई, चुकून सापडलं. मी छत्री शोधत होतो.’’

त्याने गुंडाळी पलंगावर उलगडली. चार कोपऱ्यांवर ठेवायला राखणदारांनी सवयीने दगड शोधले. घरात नव्हते, मग चार कप ठेवले. कागद पिवळा पडला होता, पण रेघा ठळक होत्या. टेकडी, झरा, भरतीची रेषा. आणि घर.

दोन खोल्या. एक दार, समुद्राकडे. दाराच्या समोरच्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ आणि त्याखाली बारीक अक्षरात : ‘चूल’.

‘‘हा दुसऱ्या कुठल्यातरी घराचा आहे,’’ राखणदार म्हणाले.

‘‘भावजी, झरा तिथेच आहे की.’’

‘‘मग काढणारा आंधळा होता.’’

‘‘असेल,’’ मेव्हणा म्हणाला. तो भांडणारा माणूस नव्हता. भांडायला उठावं लागतं.

राखणदार कागदावर वाकले ते वाकलेच. नकाशात समुद्राकडच्या भिंतीत एक मोठा दगड वेगळा दाखवला होता, पोट पुढे आलेला. तो साहेब होता. पण साहेब तर मागच्या खोलीत होता. मागच्या खोलीत त्याला कोणी नेलं? तिथे पाणी पोचत नाही. राखणदारांना मग एक संध्याकाळ आठवली. मुलीच्या लग्नाच्या आधीचं वर्ष. साहेब दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते स्वतः मागे चालले होते, आणि काकू पलीकडून सांगत होत्या, ‘‘अजून जरा आत. हं. तिथे.’’ ते आठवलं आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचं सगळं, रांग लावून उभं असल्यासारखं, एकेक करून आत आलं. राखणदार पलंगाच्या कडेवर बसले.

‘‘अगं,’’ ते म्हणाले, ‘‘मी घर बांधलं.’’

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की मेव्हण्यानेच चहा ओतून घेतला.

‘‘भावजी, जिवाला लावून घेऊ नका. हे बघा. अर्जावर मी लिहितो, कागद आढळून आला नाही. साठ टक्के अर्जांवर मी तेच लिहितो. कोणी ‘का’ म्हणून विचारत नाही. लोकांना सवय आहे.’’

‘‘आणि हा?’’ काकूंनी नकाशाकडे बोट केलं.

‘‘हा माझ्याकडे परत आला की त्याला पुढची नव्वद वर्षं कोणी भेटणार नाही. माझी हमी.’’ मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘‘ताई, नीट विचार कर. ऐतिहासिक वास्तूत फेरफार म्हणजे गंमत नाही. चौदा महिने राहिलेत. निवृत्तिवेतन अडवतील. ही जागा जाईल. म्हातारपणी कुठे जाल दोघं?’’

त्याने नकाशा उद्यापर्यंत त्यांच्याकडेच ठेवला आणि जाताना छत्री विसरून गेला.

त्या दुपारी नवरा-बायको नकाशासमोर बसले. काकूच म्हणाल्या, ‘‘माझ्यामुळे झालं.’’

‘‘तुझ्यामुळे कसं? दगड मी उचलले.’’

‘‘बोलले मी ना?’’

‘‘तू तर सगळ्यांनाच बोलतेस. बाकीच्यांनी घरं बांधली का?’’

‘‘आता काय करायचं?’’

‘‘शनिवारी ती पोरगी चार माणसांत उभी राहून सांगणार,’’ राखणदार म्हणाले. ‘‘तिला एक दिवस हा कागद मिळणार. नाहीतर तिच्यावर जळणाऱ्या कुणाला तरी मिळणार.’’

‘‘माझा भाऊ म्हणतोय ना, नाही मिळणार म्हणून.’’

‘‘तो छत्री शोधायला जाईल आणि कागद सापडेल. आत्ताच काय झालं?’’

काकूंनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या छत्रीकडे पाहिलं. पण ‘सांगा’ असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली : शिवणयंत्र, मुलीच्या उंचीच्या रेघा असलेली दाराची चौकट, खिडकीतून दिसणारं पाणी. आणि त्या भांडी घासायला उठल्या. स्वच्छ भांडी.

सोमवारी सकाळी राखणदार नकाशा सदऱ्याच्या आत घालून कामावर गेले. कागद पोटावर टोचत होता. ते चालले की तो कुरकुर वाजे. म्हणून ते फारसे चालले नाहीत. झाडू मात्र त्यांनी त्या सकाळी पूर्वी कधी मारला नसेल इतका मारला. अकरा वाजता संशोधिकेने हाक मारली.

‘‘काका, भाषणाचा शेवट झाला लिहून. ऐकता? तुम्हालाच पहिल्यांदा वाचून दाखवते.’’

ती खुर्चीत सावरून बसली आणि वाचू लागली. चांगलं लिहिलं होतं. समुद्र होता, होडी होती, भूक होती. शेवटचं तिने सावकाश वाचलं. ‘‘ ‘...आणि या सगळ्यात एक बाई होती, जिने धुराचा विचार केला. नुसतं जगायचं नाही, तर नीट जगायचं, असं जिने ठरवलं. ज्या बाईने हे स्वयंपाकघर आखलं ती कोण होती, हे आपल्याला कधीच कळणार नाही.’ ’’

राखणदारांचा झाडू थांबला.

‘‘कळेल,’’ राखणदार म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘साडेबाराला येते ती. डबा घेऊन.’’

संशोधिका हसली. काका थट्टा करतायत असं तिला वाटलं. मग राखणदारांनी सदऱ्याची दोन बटणं काढून आतून नकाशा बाहेर काढला, आणि तिचं हसू जिथे होतं तिथेच थांबलं. तिने तो उलगडला. घराकडे पाहिलं. नकाशाकडे पाहिलं. मग ती मागे न बघता बसली, आणि ती खुर्चीत नाही, भिंतीवर बसली. राखणदारांनी तिला उठवलं नाही.

‘‘किती?’’ तिने विचारलं.

‘‘दोन खोल्या आमच्या. मागचं दार आमचं. पाय धुवायची फरशी आमची. पुढच्या दारावर माझा अजून वाद आहे, पण बहुधा तेही.’’

‘‘सव्वीस वर्षं?’’

‘‘पहिली नऊ ठीक गेली.’’

मग तिने त्यांना जे सुनावलं ते टेकडीवर बकऱ्या चारणाऱ्यालाही नीट ऐकू गेलं. ती शिकलेली होती, त्यामुळे तिला बरेच शब्द येत होते. राखणदार मान खाली घालून, झाडू पायाशी धरून, पूर्वी शिडी धरत तसे उभे राहिले. ती रडली, मग तिने भाषणाच्या कागदांचे तीन गोळे केले, मग ते परत उलगडले. साडेबाराला काकू डबा घेऊन आल्या आणि एका नजरेत सगळं समजल्या.

‘‘सांगितलंत?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘बरं केलंत,’’ काकू म्हणाल्या, आणि वाळूत बसून डबा सोडू लागल्या. जरा वेळाने संशोधिकेकडे वळून म्हणाल्या, ‘‘हे बघ पोरी, चूक आमचीच. ओरड हवं तेवढं. पण ओरडून झालं की जेव. आणि एक सांगते, तो नकाशा काढणारा पुरुष होता. चूल तिथे असूच शकत नाही.’’

संशोधिका जेवली नाही. पण डोळे पुसता पुसता तिने नकाशावरच्या त्या छोट्या वर्तुळाकडे बराच वेळ पाहिलं, दोरीने अंतर मोजलं, आणि दुपारी तिथली वाळू हाताने बाजूला करायला सुरुवात केली. कोपरभर खोल गेल्यावर वाळू काळी झाली. मग राख. मग तीन दगड, एका बाजूने जळून भुरे झालेले, ज्यांना राखणदारांनी कधी हात लावला नव्हता कारण त्यांना ते कधी दिसलेच नव्हते. चूल होती. दाराच्या बरोब्बर समोर, वाऱ्याच्या तोंडात.

काकू खड्ड्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. ‘‘अकरा जण,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अकरातल्या एकालाही...’’ आणि मेलेल्या माणसांना फार बोलू नये म्हणून तिथेच थांबल्या.

शनिवारी नगरभवनात संशोधिकेने भाषण केलं. तिने सगळं सांगितलं, नियमासकट आणि साहेबासकट. लोक आधी हसले. मग आपल्या पूर्वजांच्या दोन खोल्या कमी झाल्या हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते भडकले. एक गृहस्थ उठून म्हणाले की त्यांचं घराणं मागच्या खोलीतलं होतं आणि आता त्यांनी कुठे जावं. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी राखणदारांना बोलावून घेतलं.

मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर बडतर्फीचा हुकूम टंकून तयार होता. फक्त सही बाकी होती. संशोधिकाही आली होती. राखणदारांकडे न बघता बसली होती.

‘‘तुम्हाला काही सांगायचंय?’’ मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

‘‘नाही,’’ राखणदार म्हणाले. ‘‘दगड मी हलवले.’’

‘‘ते परत होते तसे करता येतील का?’’ मुख्याधिकाऱ्यांनी संशोधिकेला विचारलं.

‘‘नकाशात भिंती आहेत, दगड एकच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तिथे आता सातशेच्या वर दगड आहेत. त्यातला मूळचा कोणता आणि टेकडीवरचा कोणता, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.’’ मग तिने पहिल्यांदा राखणदारांकडे पाहिलं. ‘‘यांच्याशिवाय.’’

मुख्याधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ज्याने बिघडवलं त्यालाच काढून टाकलं तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या नोकरीत पूर्वीही आला होता. पण तो नेहमी अभियंत्यांच्या बाबतीत आला होता. हुकूम फाईलमध्ये गेला आणि वर एक शेरा बसला : काम पूर्ण होईपर्यंत निर्णय स्थगित.

तेव्हापासून त्या किनाऱ्यावर रोज सकाळी असं दृश्य दिसतं. घराभोवती दोरी बांधली आहे. संशोधिका खुर्चीत वही घेऊन बसते. राखणदार एकेक दगड उचलतात, फिरवून बघतात आणि सांगतात : हा मूळचा, उत्तरेच्या भिंतीचा. हा टेकडीचा. हा टेकडीचा, सगळ्यात मोठं उधाण आलं त्या वर्षीचा. हा कोणाच्या तरी गाडीच्या चाकाखाली होता. पहिले काही दिवस ती प्रत्येक उत्तरावर दोनदा विचारत असे. तिचा विश्वास उडाला होता आणि ते तिने लपवलं नाही. राखणदार दोन्ही वेळा तेच सांगत.

परवा दाराशी पोचले. दारात एक रुंद, मधे खळगा पडलेला दगड होता. बघणाऱ्यांना तो फार आवडे. अकरा माणसांच्या पावलांनी झिजलेला उंबरा, असं राखणदारच वर्षानुवर्षं सांगत आले होते. मुख्याधिकारीही त्या दिवशी पाहणीला आले होते आणि दोरीबाहेर फोटोग्राफरला घेऊन उभे होते.

‘‘हा तर मूळचाच असणार,’’ ते म्हणाले. ‘‘लिहा, लिहा.’’

संशोधिकेने पेन उचललं होतं. हा दगड खरा असावा असं तिच्याही मनात होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. राखणदार गुडघ्यावर बसले. त्यांनी दगडावरून हात फिरवला, खळग्यात अंगठा घातला, कडा चाचपल्या. नंतर डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. फोटोग्राफरने पाय बदलला.

‘‘माहीत नाही,’’ राखणदार म्हणाले.

‘‘अहो, झिजलाय की पावलांनी!’’ मुख्याधिकारी म्हणाले.

‘‘झिजलाय. कशाने ते माहीत नाही. मी ठेवला की नाही, तेही माहीत नाही.’’

‘‘काका, नक्की?’’ संशोधिकेने विचारलं.

‘‘नक्की माहीत नाही.’’

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग वहीत त्या दगडाचा आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं : माहीत नाही. खुर्चीवरून उठून ती दुसऱ्या बाजूला वाकली, कारण दगड एकट्याला उचलण्यासारखा नव्हता. दोघांनी मिळून तो दोरीच्या बाहेर नेऊन ठेवला. राखणदारांनी हात झटकले आणि पुढचा उचलला.

‘‘हा मूळचा,’’ ते म्हणाले.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.